रानभाजीची पाककृती छापता, खुडायची रीतही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पहिला पाऊस पडला की आपल्या पुरवणीत रानभाज्यांचे पान सुरू होते. सोडे घालून शेवळे, फोडशीची भजी, डाळ घातलेली भारंगी, करटोल्याचे काप. पाककृती बहुतेक बरोबर असतात, छायाचित्रे चांगली असतात आणि शेवटी आदिवासी भगिनींकडून आवर्जून खरेदी करण्याचे आवाहन असते. त्याला आमची हरकत नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली पाड्यांवर जून ते ऑगस्ट या काळात रोख पैसा हातात येण्याचे मार्ग थोडे, त्यातला हा एक. हरकत आहे ती माहिती अर्धीच छापली जाते याला. या जमातींचे रानभाजीबद्दलचे ज्ञान शिजवण्यापाशी संपत नाही. झाडाचा कोणता भाग घ्यायचा, कधी घ्यायचा, मागे किती ठेवायचे आणि कशाला हातच लावायचा नाही, हा त्यातला मोठा भाग. तो शहरापर्यंत पोचत नाही. शहरातले गिऱ्हाईक मात्र रानापर्यंत पोचले आहे.

आधी एक स्पष्ट करू. सरसकट सगळ्या रानभाज्यांबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. टाकळा, कुरडू, कवळा ही एका पावसाळ्याची झाडे. बी पडते, पुढच्या पावसात उगवते. टाकळा तर पडीक जमिनीत, बांधावर, उकिरड्याशेजारी असा माजतो की पोतीच्या पोती खुडली तरी काही बिघडत नाही. फुलोऱ्याआधी शेंडा खुडला तर बगलेतून नवे फुटवे येतात. हमरस्त्याच्या नि गटाराच्या कडेचा घेऊ नये, एवढेच पथ्य. प्रश्न आहे तो जमिनीखाली कंद, गड्डा किंवा मांसल मुळ्या राखून उरलेले आठ महिने दडून बसणाऱ्या भाज्यांचा. नेमक्या याच भाज्यांना बाजारात भाव आहे.

फोडशी घ्या. कुठे तिला कुलू म्हणतात, कुठे कोली. या नावाखाली क्लोरोफायटम वंशाच्या एकाहून अधिक जाती विकल्या जातात. त्यातली क्लोरोफायटम बोरिविलिएनम म्हणजे औषधबाजारातली सफेद मुसळी. जातीचे हे नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे. पाऊस लागला की काही दिवसांतच पाती वर येतात. पातीचे पांढरे बूड आणि त्याच्या तळाशी असलेली लहानशी चकती ही या झाडाची कळीची जागा. नवा डोळा चकतीवर असतो आणि मांसल मुळ्यांचा झुबकाही तिलाच लागलेला असतो. चकती गेली की मुळ्या कितीही पुष्ट असोत, त्यांना कोंब येत नाही. मुसळीची लागवड करणारे शेतकरी बेणे फोडताना प्रत्येक मुळीला चकतीचा तुकडा राहील याची काळजी घेतात ती यासाठीच.

जाणती बाई फोडशी विळ्याने कापते. जमिनीपासून दोन बोटे वर, बाहेरची पाती घ्यायची, मधला कोवळा गाभा ठेवायचा. झाड पुन्हा सावरते, फुलते, बी धरते. पण पांढऱ्या बुडाची जुडी गिऱ्हाइकाला ताजी वाटते, तिला दोन पैसे जास्त मिळतात, आणि पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीतून फोडशी उपटणे हे एकेक कापण्यापेक्षा झटपट होते. उपटली की चकती जुडीत येते आणि मुळ्या रानात कुजतात. कहर म्हणजे तेच पांढरे बूड आणि आतला निबर दांडा स्वयंपाकघरात सुरीने काढून टाकला जातो. ज्या भागासाठी झाड गेले तो भाग कोणी खातच नाही! तेव्हा वाचकांना सांगण्याजोगी खूण अशी: जुडी उलटी करून बुडाकडून पाहा. सपाट, स्वच्छ काप दिसला तर ती विळ्याची. बुडाशी माती, तंतूमुळे किंवा बोटभर लोंबणारी पांढरी मुळी दिसली तर उपटलेली. विकणारीला दोन रुपये जास्त द्या, पण कापलेलीच मागा. मागणी बदलली की हात बदलतो. एकदोन बाजारांत उपदेश करून तो बदलत नाही.

शेवळ्याचे गणित वेगळे आहे. हे सुरणाच्या कुळातले. मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींत गड्ड्यातून आधी फुलाचा दांडा येतो आणि तो ओसरल्यावर, पाऊस स्थिरावला की, पान. भाजीला लागतो तो न उमललेला फुलोरा. तो खुडला म्हणून गड्डा मरत नाही. त्या वर्षीचे बी तेवढे जाते. गड्डा पोसला जातो तो मागाहून येणाऱ्या पानावर. ते पान गुरांनी तुडवले किंवा गवत कापताना विळ्याखाली आले तर गड्डा खंगतो, आणि लहान झालेला गड्डा पुढच्या वर्षी फूल न देता नुसते पान देतो. म्हणून ज्या पट्ट्यातून शेवळे काढले त्यात जुलै-ऑगस्टमध्ये विळा आणि गुरे नेऊ नयेत. शिवाय प्रत्येक पट्ट्यात काही दांडे उमलू द्यावे लागतात. पूर्वी हे आपोआप व्हायचे: घरापुरते घ्यायचे, चार दिवसांनी पुन्हा फेरी, तोवर काही दांडे उमलून भाजीच्या कामातून गेलेले, त्यांनाच पुढे फळे धरायची. आता टेम्पोवाला अमुक इतक्या जुड्या ठरवून जातो. एकाच पट्ट्यातून दोन दिवसांत तीन-तीन जण फिरतात आणि उमलायला एकही दांडा उरत नाही. गड्डे जिवंत असल्याने पाच-सात वर्षे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मग जुने गड्डे संपतात आणि खाली नवी रोपे नसतात.

करटोल्याच्या बाबतीत चूक होते ती नर वेलीची. करटोलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या. फळ फक्त मादीला, त्यामुळे नर वेल ‘वांझ’ म्हणून बांधावरून उपटून टाकली जाते, आणि मग शेजारच्या मादी वेलींना फुले येऊनही करटोली धरत नाहीत. दोन्ही ओळखणे अवघड नाही. फुले संध्याकाळी उमलतात तेव्हा पाकळ्यांच्या खाली पाहावे: तिथे लहानशी काटेरी गाठ असेल तर मादी, नुसता देठ असेल तर नर. आठ-दहा मादी वेलींमागे एक नर पुरतो. पण तो एक हवाच. ज्यांना बांधावर करटोली लावायची आहे त्यांनी बियांपेक्षा कंद लावावेत. बियांपासून साधारण निम्म्या वेली नर निघतात आणि फूल येईपर्यंत कोणती कोण ते कळत नाही. कंद घेताना मात्र मादीचा कोणता आणि नराचा कोणता याच्या खुणा पावसाळ्यातच करून ठेवाव्या लागतात. वेल सुकल्यावर सगळे कंद सारखेच दिसतात. रानातला भार कमी करायचा तर बांधावरची करटोली हा आम्हाला सर्वांत सोपा उपाय वाटतो, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. भारंगीची कोवळी पाने आणि फुले घेतली तर झुडूप टिकते. तिला मारतो तो औषधासाठी होणारा मुळांचा व्यापार, भाजी नव्हे. वारुळावरची अळंबी अलगद ओढून घ्यावी, खणू नये, कारण ती ज्या बुरशीच्या बागेतून येते ती बाग वाळवीने वारुळाच्या आत राखलेली असते आणि ती शाबूत राहिली तर त्याच जागी पुढच्या वर्षी अळंबी येते. बांबूचे वास्ते काढताना बेटातले निम्म्याहून अधिक कोंब कधीही घेऊ नयेत. यंदाचा कोंब म्हणजे तीन वर्षांनंतरची काठी. करांदा आणि इतर रानकंद वेल पिवळी पडून वाळल्यावरच खणावेत, कारण तेव्हाच वेलीतला सगळा पिष्टमय भाग कंदात उतरलेला असतो. हिरव्या वेलीखालचा कंद पाणचट निघतो आणि वेलही जाते. खणताना वेलीच्या बुडाला लागून असलेला कंदाचा डोक्याकडचा तुकडा पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवून माती लोटायची. याला अर्धे मिनिट लागते. शहरातून हौसेने ‘फॉरेजिंग’ला, म्हणजे रानातले खाणे स्वतः गोळा करायला, येणाऱ्या मंडळींना हे कोणी सांगत नाही, आणि खड्डे उघडेच राहतात.

आता ज्यांना परंपरा म्हणतात त्याविषयी. पहिल्या कोवळ्या भाजीचा घास देवाला दाखवल्याशिवाय ती खायची नाही, ही रीत वारली आणि इतर काही पाड्यांवर आहे. तिच्यामागची श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिचा परिणाम असा की पहिल्या फुटव्याला चार-आठ दिवसांची उसंत मिळते आणि सगळे गाव एकाच दिवशी सुरुवात करते. आधी जाऊन चांगला पट्टा साफ करण्याला वाव राहत नाही. देवराईतून काहीही न नेण्याच्या नियमामुळे आजूबाजूच्या रानाला बियांचा साठा मिळत राहतो. हे नियम भाबडे नव्हते. पण ते अभंग आहेत असेही समजू नये. घरच्या खाण्यापुरती खुडणी होती तोवर ते पुरेसे होते. ठाणे, कल्याण, दादर, पुणे असा बाजार जोडला गेल्यावर नियम मोडणारा बाहेरचाच असतो असे नाही. शाळेची फी भरायची असलेल्या पाड्यावरच्या तरुणालाही उपटणे परवडते आणि कापणे परवडत नाही. ‘आदिवासी म्हणजे निसर्गपूजक’ असे एक वाक्य छापून हा पेच सुटत नाही. उलट त्या वाक्याने नियम नव्याने बसवण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

आणखी दोन गोष्टी रानभाज्यांच्या मुळावर आल्या आहेत आणि त्यांचा खुडण्याशी संबंध नाही. पहिली तणनाशके. भाताच्या बांधावर ग्लायफोसेट मारले की ते पानातून शोषले जाऊन थेट कंदापर्यंत उतरते. त्याचे कामच ते. त्यामुळे विळ्याने बांध साफ केला तर परत फुटणारी करटोलीची वेल फवारणीनंतर फुटत नाही. बांधाची पाण्याकडची बाजू फवारायची नाही आणि करटोलीच्या जागांना खुणेचे दगड लावायचे, एवढे केले तरी बरेच वाचते. दुसरी गोष्ट वणवा. मार्च-एप्रिलच्या वणव्यात जमिनीतले गड्डे सहसा वाचतात, म्हणून वणव्याने काही बिघडत नाही असा समज आहे. जळते ते वरचे बी, पालापाचोळा आणि वर्ष-दोन वर्षांची कोवळी रोपे. मोहाच्या झाडाखाली फुले दिसावीत म्हणून पाला पेटवण्याची सवय हे वणव्याचे एक कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. पाला झाडून घ्यावा किंवा झाडाखाली जाळी वा जुनी लुगडी अंथरावीत. फुले स्वच्छ राहतात, माती-राख लागत नाही, आणि खाण्यासाठी घेणारा व्यापारी अशा मोहाला बरा भावही देतो.

मग नियम बसवायचे कोणी? कायद्याने उत्तर दिलेले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजाच्या, म्हणजे इमारती लाकडाखेरीज रानातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य मालाच्या, व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे आणि कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींचा, आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही. कलम ५ ग्रामसभेला तसे निर्णय घेण्याचे बळ देते. अभयारण्यांतही हा कायदा लागू आहे. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने व्यवस्थापन आराखडा करायचा असतो आणि वनउपजाचा वाहतूक परवानाही तिनेच द्यायचा असतो. आराखडे होतही आहेत. मात्र त्यांत बांबू, तेंदू, मोह, हिरडा येतो. फोडशी-शेवळे ‘बायकांची किरकोळ भाजी’ म्हणून राहून जातात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि पुढे बांबूच्या परवान्यासाठी झगडून तो २०११ मध्ये स्वतःच्या हाती घेतला. चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदूची पाने तोडायचीच नाहीत असे ठरवले, कारण त्यासाठी झाडे छाटावी आणि आगी लावाव्या लागतात. ग्रामसभा उत्पन्न देणाऱ्या वस्तूवरही स्वतःहून मर्यादा घालू शकते, याचा हा पुरावा. सह्याद्रीतल्या ग्रामसभांनी भाज्यांबाबत तेच करायला हवे.

आराखड्यात भाजीचे पान लिहिण्यासाठी फार तयारी लागत नाही. आठवड्याला रान तुडवणाऱ्या चार-पाच बायका बैठकीत हव्यात. त्याच नसतील तर जे लिहिले जाईल ते पुस्तकी. प्रत्येक भाजीसमोर चार गोष्टी लिहाव्यात: घ्यायचा भाग, सुरू करण्याचा दिवस, मागे ठेवायचे प्रमाण, बंद पट्टा. कंदवाल्या भाज्यांसाठी रानाचे तीन भाग करून दरवर्षी एक बंद ठेवणे ही पद्धत लक्षात ठेवायला सोपी.

नियम लागू पडतो आहे का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असे तीन चौकोन आखावेत: एक पाड्याजवळ, एक मध्ये, एक लांब. चारही कोपऱ्यांना रंगवलेले दगड पुरावेत. यात चूक होते ती अशी की चांगली भाजी दिसते तिथेच चौकोन आखले जातात आणि सगळे आलबेल असल्याचा भास होतो. फोडशीचे ठोंब पाऊस लागल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी मोजावेत. तारीख धरून मोजले तर उशिरा आलेल्या पावसाच्या वर्षी आकडा उगाच कमी दिसतो. शेवळ्याची मोजणी फुलांवरून कधीच करू नये. गड्डा दरवर्षी फूल देतोच असे नाही, म्हणून जुलैअखेर पाने मोजावीत, आणि त्यातही लहान-मोठी वेगळी. लहान पाने दिसतच नसतील तर बी रुजत नाही असे समजावे, मग एकूण आकडा कितीही चांगला असो. करटोलीच्या वेली ऑगस्टमध्ये, नर-मादी वेगळ्या. आकडा सलग दोन वर्षे उतरला की तो पट्टा दोन पावसाळे बंद करावा आणि ते फळ्यावर लिहून लावावे, म्हणजे टेम्पोवाल्यालाही वाचता येईल.

गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांमध्ये हे सगळे असायला हवे होते. २००२ च्या जैवविविधता कायद्यात त्यांची तरतूद आहे. पण राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी त्या घाईघाईत पुऱ्या झाल्या. त्यांत वनस्पतींची नावे आहेत, उपयोग आहेत. काढायची रीत क्वचित सापडते. उपयोग लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा असे आमचे मत आहे. या कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून, म्हणजे ज्ञान राखणाऱ्यांना फायद्यातला वाटा देण्यातून, सूट मिळाली आहे. भारंगीच्या मुळाची कोणत्या दुखण्यावर किती मात्रा, हे उघड्या वहीत लिहून पाड्याचा फायदा काय? खुडायची रीत मात्र जितकी उघड होईल तितकी बरी.

आपल्याकडून अपेक्षा मोजकी आहे. प्रत्येक पाककृतीखाली दोन ओळी द्याव्यात: भाजीचा कोणता भाग घेतलेला असावा, आणि चुकीची काढणी बाजारात कशी ओळखावी. फोडशीचे छायाचित्र मुळांसकट जुडीचे छापू नये; वाचक तेच मागतो. कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे रानभाजी महोत्सव भरवतो; तिथे गाळा देताना उपटलेली फोडशी आणि औषधी मुळे विकायला मनाई करावी आणि बांधावरच्या करटोलीच्या कंदांना जागा द्यावी, यासाठी आपण पाठपुरावा केलात तर उत्तम.

आपले,
सह्याद्रीतील सामूहिक वनहक्क आराखड्यांवर काम करणारे काही अभ्यासक व कार्यकर्ते

ता. क. शेवळ्याच्या पाककृतीत ‘स्वच्छ धुऊन चिरून घ्या’ एवढेच लिहू नये. आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकावा लागतो आणि भाजीत काकडाची फळे, नाहीतर चिंच किंवा आमसुले घालावीच लागतात. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आंबट कमी पडले की घसा खवखवतो आणि बदनाम होते ती भाजी. कडू करांद्याबाबत तर अधिक जपावे: काप करून राख घातलेल्या पाण्यात उकडणे आणि मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवणे, यातली एकही पायरी ‘झटपट’ सदरासाठी गाळू नये.